सेलूहून मुंबईला गाडी घेऊन निघालात? टोलचं हे आधी वाचून घ्या

मी परभणी जिल्ह्यातल्या सेलूचा. शाळेत शिकवतो. गाडी घेऊन चार वर्षं झाली, पण ती जालना, परभणी, फार तर शेगाव एवढीच फिरलेली. मागच्या वर्षी वडिलांना तपासणीसाठी परळला न्यायचं ठरलं आणि पहिल्यांदाच स्वतःची गाडी थेट मुंबईत घातली. टोल हा विषय मी तोवर 'फास्टॅग आहे ना काचेला, मग झालं' एवढाच समजत होतो.

मुंबईतल्या एका पुलाच्या नाक्यावर ती समजूत उतरली. समोरचा दांडा वर जाईना. मागून हॉर्नचा मारा. खिडकीतला पोरगा म्हणाला, "साहेब, टॅगला बॅलन्स नाही." मी तिथंच मोबाईल काढून पाचशे रुपये भरले, भरल्याचा मेसेजही आला, त्याला दाखवला. तो म्हणाला, "तुमच्याकडं आलाय, माझ्याकडं नाही." मागच्या सीटवरून अण्णांनी, म्हणजे वडिलांनी, बंडीच्या खिशातली चौपदरी घडी केलेली नोट पुढं केली. "काऊन वाद घालायलास रे? दे की रोख." दिली. रोख दिली म्हणून दुप्पट पडली.

चूक माझीच होती, पण ती कळायला मला महिना लागला. तुमचा तेवढा वेळ वाचावा म्हणून हे लिहितो आहे. पहिली पायरी सगळ्यात मोठी आहे. ती कळली की बाकीचं सोपं आहे.

पायरी १ : रस्ता कोणाचा आहे ते ओळखा

टॅग एकच असला तरी नियम एक नाहीत. रस्ता केंद्राचा असेल तर वेगळं, राज्याचा असेल तर वेगळं, महापालिकेचा असेल तर आणखी वेगळं. आपल्याकडून मुंबईला जाताना हे तिन्ही मालक भेटतात.

केंद्राचे म्हणजे राष्ट्रीय महामार्ग. सोलापूर–धुळे महामार्गावरचे तामलवाडी, येडशी, पारगाव, पाडळशिंगी हे नाके त्यात येतात. इथं १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा आहे. तेव्हापासून टॅग नसेल किंवा चालत नसेल तर रोखीनं दुप्पट पडायचे. १५ नोव्हेंबर २०२५ पासून त्यात एक सवलत आली : रोखीऐवजी यूपीआयनं भरलंत तर दुप्पट नाही, सव्वापट. शंभराचा टोल असेल तर तेव्हा रोखीनं दोनशे लागायचे, यूपीआयनं सव्वाशे.

राज्याचे म्हणजे रस्ते विकास महामंडळाकडचे रस्ते : नागपूर–मुंबई समृद्धी महामार्ग, मुंबई–पुणे द्रुतगती मार्ग, वांद्रे–वरळी सागरी सेतू (सी लिंक). इथं १ एप्रिल २०२५ पासून फास्टॅग सक्तीचा झाला. आणि ही गोष्ट नीट लक्षात ठेवा, इथं रोख असो, कार्ड असो की क्यूआर कोड, फास्टॅग सोडून काहीही वापरलंत की दुप्पट. ती सव्वापटीची सवलत केंद्राच्या रस्त्यावरची. व्हॉट्सअ‍ॅपवर तो निरोप अर्धाच फिरतो आणि लोक नाक्यावर वाद घालत बसतात.

शिवडीहून नवी मुंबईकडं जाणारा अटल सेतू एमएमआरडीएनं, म्हणजे मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं बांधलेला, म्हणजे तोही राज्याच्याच बाजूचा. मुंबईचा कोस्टल रोड मात्र महापालिकेचा. त्याला टोलच नाही, समुद्राला लागून असलेल्या त्या दोन किलोमीटरच्या जोडबोगद्यालाही नाही.

आता माझी चूक सांगतो. केंद्र सरकारनं १५ ऑगस्ट २०२५ पासून वार्षिक पास सुरू केला. तेव्हा तीन हजार रुपयांत वर्षभर किंवा २०० फेऱ्या, जे आधी संपेल ते. मी हौसेनं काढला. मला वाटलं, आता वर्षभर टोलची कटकट नाही. पण हा पास फक्त राष्ट्रीय महामार्गावर आणि राष्ट्रीय द्रुतगती मार्गावर चालतो. समृद्धीवर नाही, मुंबई–पुणे द्रुतगतीवर नाही, सी लिंकवर नाही, अटल सेतूवरही नाही. तिथं टॅगच्या पाकिटातून, म्हणजे टॅगला जोडलेल्या खात्यातून, नेहमीसारखे पैसे जातात, आणि माझ्या पाकिटात होते एकशे चाळीस रुपये.

जालन्याजवळ समृद्धीवर चढलो, मुंबईकडच्या टोकाला, भिवंडीजवळच्या आमणेला उतरलो. तीनशेहून जास्त किलोमीटर, म्हणजे सहाशे रुपयांच्या वर टोल. गंमत म्हणजे तिथं दांडा उघडला! कारण नाक्यावरच्या यंत्राला तुमच्या पाकिटात नेमके किती रुपये आहेत हे दिसतच नाही. टॅग चालू आहे की अडवलेला आहे, एवढंच त्याला दिसतं. पैसे बँक मागाहून वळते करते. माझं पाकीट रिकामं होऊन उलट बँकेचंच देणं लागलं, बँकेनं टॅग कमी शिलकीच्या यादीत टाकला, आणि पुढच्या पुलावर ती यादी माझ्या आधी पोचलेली होती.

त्यामुळे निघायच्या आदल्या रात्री कागदावर रस्ता लिहून काढा. कुठला तुकडा केंद्राचा, कुठला राज्याचा. पास असला तरी राज्याच्या तुकड्यापुरते पैसे पाकिटात वेगळे हवेत.

पायरी २ : टॅग आणि त्याचे कागद

२०१७ च्या डिसेंबरपासून नव्या चारचाकीला शोरूममधूनच टॅग लागून येतो. जुनी गाडी असेल, किंवा तुमच्याकडचा टॅग पेटीएम पेमेंट्स बँकेचा असेल तर नवीन घ्यावा लागेल. रिझर्व्ह बँकेच्या आदेशामुळे १५ मार्च २०२४ नंतर त्या बँकेच्या टॅगमध्ये पैसे भरणं बंद झालं. आमच्या गल्लीत अजून दोघांच्या काचेवर तो चिकटलेला आहे, आणि दोघंही 'स्कॅन होईना बघा' म्हणून नाक्याला नावं ठेवतात.

टॅग बँकेतून घेता येतो, बँकेच्या अ‍ॅपवरून घरपोच मागवता येतो, किंवा नाक्याजवळ छत्री लावून बसलेल्या विक्रेत्याकडून. शेवटच्या ठिकाणी घाई असते आणि घाईत गाडी नंबर चुकतो. मी तरी बँकेतूनच घ्या म्हणेन.

लागतं ते एवढं :

- आरसी (गाडीचं नोंदणीपत्र), दोन्ही बाजूंचे स्पष्ट फोटो
- आधार आणि पॅन, किंवा गाडी चालवायचा परवाना
- जो मोबाईल नंबर तुम्ही बदलणार नाही तो. मुलाच्या नावाचं सिमकार्ड नको
- गाडीचा समोरून फोटो, नंबरप्लेट वाचता येईल असा
- टॅगची किंमत, जास्तीत जास्त शंभर रुपये. कारसाठी अनामत साधारण दोनशे. आणि सुरुवातीला भरायची रक्कम

नंबर लिहिताना शून्य आणि इंग्रजी 'ओ' यांची गल्लत होऊ देऊ नका. एमएच २२ नंतरची अक्षरं आरसीवर पाहूनच टाका. आणि गाडीचा वर्ग तपासा. कार, जीप, व्हॅन हा चौथा वर्ग आहे. आमच्या ओळखीच्या एका शेतकऱ्यानं पिकअपला कारचा टॅग लावून घेतला होता. स्वस्तात पडतं म्हणून नव्हे, देणाऱ्यानंच तसा दिला. नाक्यावर गाडी एक आणि टॅग एक दिसला की अडवतात, फरक भरायला लावतात आणि टॅग काळ्या यादीत जातो.

एका गाडीला एकच टॅग. नवा घेतला की जुना आपोआप बंद व्हायला हवा, पण जुनं स्टिकर काचेवर तसंच ठेवू नका. यंत्र आधी कुठला वाचेल याचा नेम नाही.

पायरी ३ : चिकटवणं

टॅग म्हणजे कागदासारखं स्टिकर, आत एक चिप आणि पातळ अँटेना. त्याला बॅटरी नसते. नाक्यावरच्या यंत्राच्या लहरी त्याच्यावर पडल्या की तेवढ्या ताकदीवर तो आपला क्रमांक सांगतो. म्हणून जागा महत्त्वाची. काचेच्या आतून, वरच्या बाजूला मधोमध, आरशाच्या मागे. काच आधी कोरड्या फडक्यानं पुसा. पावसाळ्यात काचेला दमटपणा असतो, तेव्हा एसी लावून सुकू द्या आणि मग चिकटवा.

खिशात, डॅशबोर्डवर किंवा सनशेडच्या कप्प्यात टॅग ठेवायची सवय असेल तर सोडा. हातात धरून दाखवायच्या टॅगवर महामार्ग प्राधिकरणानं २०२५ च्या जुलैत कडक धोरण आणलं. असा टॅग थेट काळ्या यादीत जातो. आणि एकदा लावलेला काढून दुसरीकडं लावू नका, सोलताना अँटेना तुटते. काच फुटली आणि बदलली तर टॅगही नवा घ्यावा लागतो. गॅरेजवाला 'जुनाच चिकटवून देतो' म्हणेल, नको म्हणा.

पायरी ४ : पैसे कधी भरायचे

बहुतेकांचं घोडं इथंच पेंड खातं, म्हणून जरा थांबून सांगतो.

तुम्ही पैसे भरता ते बँकेकडं जातात. बँक ते एनपीसीआय या देशभरचे डिजिटल व्यवहार सांभाळणाऱ्या संस्थेच्या यंत्रणेला कळवते : 'हा टॅग आता चालू करा.' ती यंत्रणा नाक्याला कळवते. राष्ट्रीय महामार्गावरच्या नाक्यांवर ही खबर जवळजवळ लगेच पोचते. पण सगळेच नाके तेवढे चटपटीत नाहीत. जुन्या पद्धतीवर चालणाऱ्या नाक्यावर यादी ठरावीक वेळानं बदलते. माझ्या पाचशे रुपयांचं तेच झालं.

त्यात १७ फेब्रुवारी २०२५ पासून एनपीसीआयचा एक नियम आहे. नाक्यावर टॅग वाचला गेला त्याच्या आधी तासाभराहून जास्त वेळ तो अडवलेला असेल, आणि वाचल्यानंतर दहा मिनिटांतही सुटला नसेल, तर व्यवहार नाकारला जातो. नाकारल्याच्या कारणात १७६ असा आकडा येतो. म्हणजे दहा मिनिटांची फट आहे खरी, पण मागं ट्रकची रांग असताना दहा मिनिटं कोण देतं?

मी आता काय करतो ते सांगतो :

आदल्या दिवशी संध्याकाळी पैसे भरतो. यूपीआय अ‍ॅपमध्ये फास्टॅगचा भाग असतो. तिथं आपली बँक निवडायची, म्हणजे टॅग देणारी बँक, खातं असलेली नव्हे. पुष्कळ जण इथंच चुकतात. गाडी नंबर टाकला की मालकाचं नाव दिसतं, ते वाचल्याशिवाय पुढं जायचं नाही. एक अक्षर चुकलं की दुसऱ्याच्या गाडीचा टोल आपण भरतो, आणि ते परत मिळवणं म्हणजे सुगीत मजूर शोधण्यासारखं.

किती भरायचे याचा हिशेब असा. समृद्धीवर १ एप्रिल २०२५ पासून कारला किलोमीटरमागे दोन रुपये सहा पैसे, म्हणजे शंभर किलोमीटरला २०६ रुपये. नागपूर ते मुंबईकडचं टोक धरलं तर १,४४५. तुम्ही छत्रपती संभाजीनगरहून सावंगी किंवा माळीवाड्याला चढलात, किंवा वैजापूरकडून जांबरगावला, तर त्या हिशेबानं कमी. लातूर–धाराशिवकडची मंडळी पुण्यावरून जातात, त्यांना मुंबई–पुणे द्रुतगतीचे कारला ३२० लागतात, हा दर २०२३ च्या एप्रिलपासूनचा. या बेरजेच्या दीडपट रक्कम पाकिटात ठेवा. उरले तर जाणार कुठं, टॅगमध्येच राहतात.

आपोआप भरणा लावायची सोयही आहे. शिलक ठरावीक रकमेखाली गेली की खात्यातून आपोआप पैसे येतात. मी लावला नाही. अण्णांच्या औषधांचं बिल आणि टोल एकाच खात्यातून जातात, तिथं आपणहून काही कापलेलं मला चालत नाही. ज्यांचं जाणं-येणं रोजचं आहे त्यांनी लावावं.

पायरी ५ : टॅगची स्थिती पाहून घेणं

पैसे भरणं वेगळं आणि टॅग चालू असणं वेगळं. पाकिटात हजार रुपये असूनही टॅग अडवलेला असू शकतो : केवायसी अर्धवट, आरसीत फरक, वर्ग चुकलेला. एनपीसीआयच्या संकेतस्थळावर गाडी नंबर टाकला की टॅग चालू आहे की काळ्या यादीत, ते दिसतं. दोन मिनिटांचं काम आहे, पण घरीच करा.

'आपलं वाहन ओळखा' म्हणजे केवायव्ही नावाचं एक प्रकरण मध्ये गाजलं. फोटो टाका, बाजूनं टाका, चाकं दिसू द्या. नंतर कारसाठी ते बरंच सोपं झालं, आणि १ फेब्रुवारी २०२६ पासून नव्या कार-टॅगना ते काढूनच टाकलं. जुन्या टॅगवर तक्रार असेल तरच विचारतात. तेव्हा 'केवायव्ही आजच करा नाहीतर टॅग बंद' असा मेसेज लिंकसकट आला तर लिंक उघडू नका. बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन तिथं खरंच काही मागितलंय का ते बघा. व्हॉट्सअ‍ॅपवर चलनाच्या नावानं एपीके फाईल (फोनमध्ये अ‍ॅप घालणारी) येते, तिला तर हातच लावायचा नाही. आमच्या शाळेतल्या एका सरांचा फोन तिच्यामुळं दोन दिवस दुसऱ्याच्या ताब्यात होता.

हेल्पलाईनचा नंबर गुगलवर शोधू नका. राष्ट्रीय महामार्गाचा १०३३ आहे. बँकेचा नंबर टॅग ज्या लिफाफ्यात आला त्यावर किंवा अ‍ॅपमध्ये असतो.

पायरी ६ : नाक्यावर

पुढच्या गाडीत आणि आपल्यात एका गाडीची तरी जागा सोडा. अगदी चिकटून गेलात तर यंत्र पुढच्याचा आणि तुमचा टॅग एकामागोमाग वाचतं आणि घोळ होतो. वेग बैलगाडीचा ठेवा, पण पूर्ण थांबू नका, दांडा उघडला की निघा.

समृद्धीवर टोल दोन ठिकाणी मिळून होतो. चढताना टॅग वाचून नोंद होते, पैसे जात नाहीत. उतरताना अंतर मोजून कापले जातात. त्यामुळे चढताना दांडा उघडला म्हणजे सगळं ठीक आहे असं नाही. चढताना वाचलाच गेला नाही आणि पोरानं हातानं दांडा उचलला, तर त्याला नोंद करायला सांगा. नाहीतर उतरताना तुम्ही कुठून आलात हे यंत्राला माहीत नसतं.

आणि इगतपुरीचा तो जवळजवळ आठ किलोमीटरचा बोगदा. तिथं वेगळा टोल नाही, तो किलोमीटरच्या हिशेबातच आला. अण्णा बोगदा संपेपर्यंत गप्प बसले होते आणि बाहेर उजेड आल्यावर म्हणाले, "एवढा खोदला म्हणजे वेगळे पैसे घेतले असतील." नाही घेतले. शेवटचा इगतपुरी–आमणे तुकडा ५ जून २०२५ ला सुरू झाला. त्याआधी खाली उतरून कसारा घाटातून जावं लागायचं.

राष्ट्रीय महामार्गावर आणखी एक हक्क आहे, तो नाक्यावरची पोरं स्वतःहून सांगत नाहीत. तुमचा टॅग चालू आहे, शिलक आहे, आणि त्यांचंच यंत्र बिघडलंय, तर २०१८ च्या नियमानुसार गाडी विनाशुल्क सोडायची आणि शून्य रकमेची पावती द्यायची. 'यंत्र बंद आहे, रोख द्या' म्हटलं तर शांतपणे शून्याची पावती मागा. मी एकदा मागितली. पाच मिनिटं गेली, पण मिळाली. शंभर मीटरपेक्षा लांब रांग असेल तर टोल माफ, हे मात्र आता सांगू नका. तो नियम मागे घेतलेला आहे.

पायरी ७ : मुंबईत शिरल्यावर

मुलुंड, ऐरोली, वाशी, दहिसर या मुंबईच्या वेशीवरच्या पाचही नाक्यांवर कार आणि हलक्या वाहनांना १४ ऑक्टोबर २०२४ च्या मध्यरात्रीपासून टोल नाही. मुलुंडला दोन नाके आहेत, म्हणून पाच. ट्रक आणि मोठ्या ट्रॅव्हल्सना आहे. आपण सवयीनं वेग कमी करतो आणि मागचे मुंबईकर चिडतात.

पुढं पूल. अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, पूल जवळजवळ बावीस किलोमीटरचा. कारला एकेरी २५०, परतीसह ३७५. पुण्याकडून येणाऱ्यांना हा शिवडीला उतरवतो आणि तिथून परळची रुग्णालयं अगदी जवळ आहेत. पेशंट गाडीत असेल तर अडीचशे रुपये महाग नाहीत, असं माझं मत आहे. वाशीवरून गेलात तर ते पैसे वाचतात पण वेळ किती लागेल ते देवालाच ठाऊक. दुचाकी, रिक्षा, ट्रॅक्टर यांना सेतूवर बंदी आहे.

वांद्रे–वरळी सागरी सेतूला १ एप्रिल २०२४ पासून कारला एकेरी शंभर रुपये. नाका वांद्र्याच्या टोकाला आहे. इथं नवख्या माणसाची फसगत अशी होते : मरीन ड्राईव्हवरून कोस्टल रोडला लागलात, सगळं फुकट, झकास. रस्ता तसाच पुढं सी लिंकला जोडलाय. वरळीला बाहेर पडायचं राहून गेलं की तुम्ही सरळ सेतूवर. मध्ये वळायला जागा नाही. मोबाईलच्या नकाशात 'टोल टाळा' असा पर्याय असतो. पूल नको असेल तर तो आधीच चालू करा आणि बाहेर पडायची पाटी दिसायच्या बऱ्याच आधी डावीकडं या.

पायरी ८ : पैसे चुकीचे कापले गेले तर

टोल कापल्याचा मेसेज लगेच येईलच असं नाही, कधी दुसऱ्या दिवशी येतो. गाडी अंगणात उभी असताना मेसेज आला म्हणून घाबरू नका, आधी त्यातली नाक्यावरची वेळ वाचा. ती कालची असते. काच पुसता पुसता हातातलं घड्याळ टॅगवर धरून कोणी टॅगमधले पैसे काढतं असा व्हिडिओ फिरला होता, तो खोटा. टॅगमधले पैसे नोंदणी झालेल्या नाक्यांनाच जातात, रस्त्यावरच्या माणसाला नाही.

पण खरंच दोनदा कापले, किंवा ज्या नाक्यावर गेलोच नाही तिथं कापले, तर तक्रार टॅग देणाऱ्या बँकेकडं करायची. नाक्यावर परत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. बँकेच्या अ‍ॅपमध्ये त्या व्यवहारावर वाद नोंदवायचा पर्याय असतो. व्यवहार क्रमांक, नाक्याचं नाव, वेळ, आणि त्या वेळी गाडी दुसरीकडं होती याचा काही पुरावा जोडा. पेट्रोलची पावती चालते. तक्रार क्रमांक लिहून ठेवा. मला एकदा चोविसाव्या दिवशी पैसे परत आले. रोखीनं दुप्पट दिलेले मात्र परत येत नाहीत, ते अण्णांच्या घडीसकट गेले.

एक फायदा मात्र नीट पाहून घ्या. राष्ट्रीय महामार्गावर चोवीस तासांत परतलात तर दोन्ही फेऱ्यांचे मिळून एकेरीच्या दीडपट पैसे लागतात. टॅग असेल तर परतीला आपोआप कमी कापले जातात. आणि नाक्यापासून वीस किलोमीटरच्या आत राहत असाल, गाडी खासगी असेल, तर महिन्याचा स्थानिक पास मिळतो. २०२५-२६ मध्ये तो ३५० रुपयांचा होता. पाडळशिंगी किंवा येडशीच्या आसपासच्या गावांतल्या किती जणांना हे माहीत आहे, मला शंका आहे. राहत्या पत्त्याचा पुरावा आणि आरसी घेऊन नाक्यावरच्या कार्यालयात जायचं.

वार्षिक पास कोणी घ्यावा? बीडहून सोलापूरला जायला पारगाव, येडशी, तामलवाडी असे तीन नाके लागतात, म्हणजे जाऊन-येऊन सहा फेऱ्या मोजल्या जातात. दोनशेत तेहतीस वेळा जाणं-येणं. तेवढं जाणं असेल तर जरूर घ्या. पिवळ्या पाटीच्या गाडीला तो मिळत नाही. घ्यायचा तो 'राजमार्गयात्रा' अ‍ॅपवरूनच. पासाच्या नावानं खोट्या साईट पुष्कळ आहेत.

दुचाकीवाल्यांनो, तुमच्यासाठी एका ओळीत : राष्ट्रीय महामार्गावर तुम्हाला टोल नाही, टॅगही नको. मध्ये उठलेली ती आवई गडकरींनी स्वतः खोटी म्हणून सांगितली होती.

पायरी ९ : गाडी विकताना

हे लोक विसरतात. गाडी गेली, टॅग काचेवर गेला, आणि पाकीट तुमच्या नावावर राहिलं. घेणारा तुमच्या पैशांवर महिनाभर फिरतो. विक्रीच्या दिवशीच बँकेच्या अ‍ॅपमधून टॅग बंद करा, स्टिकर सोलून फाडा. शिल्लक आणि अनामत खात्यात परत येते, त्यासाठी खाते क्रमांक आणि रद्द केलेला धनादेश मागू शकतात.

उलट बाजूनंही तपासा. जानेवारी २०२६ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत बदल झाला. आता गाडीवर टोलची थकबाकी असेल तर ना हरकत प्रमाणपत्र मिळत नाही, व्यावसायिक गाडीचं फिटनेसही अडतं. जुनी गाडी घेत असाल तर व्यवहार ठरवायच्या आधी विकणाऱ्यासमोरच त्याच्या नंबरावर टॅगची स्थिती आणि थकबाकी पाहून घ्या. माझ्या मेहुण्यानं मागच्या महिन्यात जिंतूरला एक गाडी पाहिली. काचेवर दोन टॅग, एक तिसऱ्याच नंबरचा. विकणारा म्हणाला, "दोन्ही चालतात." मेहुणा चहा पिऊन परत आला.